महिरप, विमल आणि बाकीचे

विमल, तुझ्या फोटोला घातलेला हार धुता येतो. तुझ्या थोरल्या लेकानं मला हे अगदी कौतुकानं सांगितलं. "सुमनकाकू, लय टिकतोय. निस्तं पाण्यात बुडवून काढायचा." कुठल्याच झाडाला कधी येणार नाहीत असल्या रंगांची फुलं, आणि त्यांच्यावर दवाचे थेंब म्हणून चिकटवलेले डिंकाचे ठिपके. अगरबत्तीनं भागत नव्हतं म्हणून कुणीतरी वरून मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारला होता. न्हाणीघरात मारतात ना, तोच. मी तुझ्या तेरवीच्या पंगतीत बसले, बुंदीचा घास उचलला आणि त्या वासानं मला एकदम मळमळलं. तशीच उठले. बायका म्हणाल्या, मैत्रीण गेली, घास कसा उतरंल बिचारीच्या गळ्याखाली. मैत्रीण गेली हे खरं होतं, पण घास त्यामुळं अडला नव्हता. मला किळस आली होती.

दुःख आहेच गं. पण ते अजून नीट बाहेर पडलेलं नाही, मध्येच ही किळस ठाण मांडून बसलीय. लोक मला सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. तुझ्याबद्दल बोलेनच की चांगलं, त्यात मला काय अवघड आहे? पण बाकीच्यांबद्दल जे बोलायचंय ते आधी बोलते. ते ऐकायला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे मला ह्या बोरी गावात?

तुझ्या घरामागच्या वाफ्याचं सांगते. मन घट्ट कर. तू गेल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी आपल्या दोघींच्या मधल्या भिंतीपाशी आले, सवयीनं. न्हाणीचं पाणी ज्या वाफ्यात तू सोडायचीस, तिथं मरवा, सब्जा, पानओवा, पुदिना सगळं पिवळं पडून आडवं झालेलं. आधी वाटलं, पाणी कुणी घातलं नसेल. मग वास आला. सोयाबीनच्या रानात येतो तो, तणनाशकाचा. तुझा थोरला पाठीवर पंप अडकवून दुसऱ्यांदा फवारत होता.

"हे काय केलंस रे?" मी म्हणाले.

"काय काकू?"

"मरवा जाळलास की."

"कुठला मरवा? गवत व्हतं समदं. तेरवीच्या मांडवाला जागा पायजे व्हती. एवढे पाव्हणे बसायचे कुठं?"

विमल, हा माणूस दोन पानांवर आलेली तूर आणि तिच्याशेजारचं तण लांबून ओळखतो. मोटरसायकलवरून जाता जाता दुसऱ्याच्या रानातल्या कपाशीवर कुठला रोग आहे ते सांगतो. जन्मल्यापासून प्रत्येक सणाला तो ताटाभोवती त्याच मरव्याची महिरप मांडून जेवला. आणि आईचा वाफा त्याला गवत वाटला. वाईट हेतूनं केलं असतं तर मी समजू शकले असते. तो तर रडत होता. एका हातानं डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातात फवाऱ्याची नळी होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी त्या वाफ्यात हात घालून एखादी काडी तरी हिरवी सापडते का पाहिलं. नाही सापडली. घरी येऊन साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तरी बोटांना तो वास राहिलाच. ज्या वाफ्यातून आल्यावर माझ्या पदराला संध्याकाळपर्यंत मरव्याचा वास यायचा, तिथून आल्यावर आता हात धुवावे लागले.

तुला आठवतं का, ह्या भिंतीवरून तू मला पहिल्यांदा काय दिलं होतंस? मी परभणीहून नवी नवरी होऊन आले होते. घरात महालक्ष्म्या बसलेल्या, सोळा भाज्या चिरायच्या, सासूबाई कडक, आणि त्यांनी हुकूम सोडला की जेवणाच्या ताटांना महिरप पाहिजे. रांगोळीची महिरप मी माहेरी पाहिली होती, काढता येत नव्हती. न्हाणीमागं उभी राहून रडत होते. तू भिंतीवरून डोकावलीस आणि म्हणालीस, "रडायलीस कामून? त्येवढ्या येळात दोन ताटं झाली असती." आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली पाल्याची पेंडी माझ्या हातात दिलीस. मागून स्वतःच आलीस. सासूबाईंना सांगितलंस, रांगोळी पायानं फिसकटते, यंदा पानांची करू. त्यांना तू इतकी आवडलीस की मला राग आला.

तेव्हापासून तुझी माझी प्रत्येक महालक्ष्मी त्या पाल्यात गेली. गवती चहाची लांब पाती वाकवून कमान करायची. आतल्या बाजूनं मरव्याचे तुरे, टोकाला सब्ज्याच्या जांभळ्या मंजिऱ्या, दोन्ही पायांशी पानओव्याची जाड लवदार पानं. सकाळी ऊन चढायच्या आत तोडलं तरच ते जेवणं होईपर्यंत टवटवीत राहायचं. तू तोडायचीस, मी निवडायची. शाळेत शिकवताना खडू धरून माझी बोटं ठोंबी झाली होती, असं तूच म्हणायचीस, म्हणून मला मांडायला तू कधी दिलं नाहीस. मीही फार हट्ट केला नाही. मांडताना तुझी बोटं बघायला मला आवडायचं.

मग गावाचे गुडघे गेले. पाटावर बसवेना म्हणून ओसरीवर टेबलं आली, खुर्च्या आल्या, डोक्यावर पंखा आला. पहिल्या वर्षी पंखा लावला आणि तुझी सगळी महिरप उडून वरणात. लोक हसले. आमचे हे म्हणाले, आता सोडा ते पानांचं खूळ. तू घरी गेलीस, दुसऱ्या वर्षी येताना कणकेचा गोळा घेऊन आलीस. त्याची बोटभर जाडीची वळी करून ताटाभोवती ठेवलीस आणि तिच्यात एकेक देठ खोचत गेलीस. पंखा गरगरत होता आणि एक पान हलत नव्हतं. वर कणकेच्या ओलाव्यानं देठही सुकत नव्हते. त्या दिवशी तू माझ्याकडं असं पाहिलंस की मला तुझा पुन्हा राग आला. जेवणं झाल्यावर ती कणीक तुझी शेळी खायची, पानांसकट.

आपली भांडणं पण काय कमी झाली? शेपूवरून तर जन्मभर. शेपूची पानं बारीक, झुबकेदार, महिरपीच्या बाहेरच्या कडेला झालरीसारखी शोभतात, हे मी कधीच नाकारलं नाही. पण तो वास मला सोसत नाही. सणाच्या दिवशी, पुरणपोळीच्या शेजारी, शेपू? "आगं ती ताटाच्या भाईर हाय, ताटात न्हाई," तू म्हणायचीस. मी म्हणायची, नाक काय ताटाच्या आत असतं का? तू शेपू लावायचीस, मी तुझी पाठ वळली की उपटायची, तू पुन्हा लावायचीस. एका वर्षी तू माझ्या ताटाला नुसती शेपूचीच महिरप केलीस. मी ती जेवण संपेपर्यंत सहन केली, तुझ्याकडं बघितलं नाही. तू मात्र समोरून घास घेता घेता हसत होतीस. असलं हसणं आता कुणी हसत नाही गं माझ्यावर.

तुझे मालक गेले, तेव्हा मला वाटलं होतं, महिरप तरी तुझी तुला राहील. तुझ्याच घरात काय झालं? तू मागच्या दारी बसून कमानी करायचीस आणि सून त्या आत नेऊन मांडायची. सवाष्णींच्या ताटाला मोकळ्या कपाळाच्या बाईचा हात नको. हात नको, पण हातानं केलेलं पाहिजे. किती छान विभागणी! आणि जेवून उठणारी प्रत्येक बाई मागच्या दारी येऊन तुला सांगायची, काय महिरप केलीस गं. मला त्या सगळ्यांची शिसारी यायची. तू म्हणायचीस, असू दे. तुझं हे 'असू दे' मला किती चीड आणायचं ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू ते जरा जास्तच म्हणायचीस.

माझ्या घरात मात्र तू आधीसारखी पुढच्या दारानं यायचीस आणि स्वतःच्या हातानं मांडायचीस. सासूबाई नव्हत्या, मला कुणाला विचारायचं नव्हतं. मागच्या वर्षापर्यंत.

मागच्या वर्षी तू टेबलावर वळ्या ठेवत ठेवत वन्संच्या ताटापाशी आलीस. माझी थोरली नणंद, जिंतूरची, दर महालक्ष्मीला माहेरवाशीण म्हणून येते, तुलाही ती लहानपणीच्या मैत्रिणीसारखीच. तिनं आपलं ताट हळूच स्वतःकडं ओढलं. आवाज इतका गोड, की जणू साखर खाऊन बोलतेय.

"विमल, माझ्या ताटाला तू नको मांडू गं. राग नको मानू. सुमन मांडंल."

तू वळी हातात धरून उभी. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि मग काय बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. वन्सं, हे घर माझं आहे, इथं कुणाचा हात चालतो ते मी ठरवीन, असलं बरंच. वन्सं रडायला लागल्या. आमचे हे पंख्याकडं बघत बसले, जणू पंखाच काहीतरी उत्तर देणार होता. आणि तू काय केलंस? तू शांतपणे उरलेली पानं पाटीत भरलीस.

"सुमन, तुमचं चालू द्या. पानं मान टाकायलीत, म्या ह्यांना पाण्यात ठिवते."

आणि गेलीस. मागच्या दारानं. माझ्या घराच्या मागच्या दारानं तू त्या दिवशी पहिल्यांदा गेलीस.

पंगत उठल्यावर मी ताट झाकून तुझ्याकडं आले. तू शेळीला कणीक चारत होतीस. मी तुझ्यावरच ओरडले, "तुला कायबी वाटत न्हाई का?"

"वाटतंय की."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तिच्या मालकाचं आत्ताच छातीचं आपरेशन झालंय. तिला भ्या वाटायलंय, सुमन. भेलेल्या माणसाशी काय भांडावं?"

मी म्हणाले, तुझ्या ह्या शहाणपणावरच सगळ्यांचं फावतं. भीती त्यांना वाटणार आणि मागच्या दारानं जाणार तू. तू म्हणालीस, "आंबील आणलीस का?" मी आणली होती. तू वाटी तोंडाला लावलीस आणि तो विषय तिथंच बुडवलास. नंतर वर्षभर मी भिंतीवरून तो उकरून काढत राहिले आणि तू मला शेपूच्या गप्पा सांगत राहिलीस. तुला लागलं होतं की नाही, एवढंच मला ऐकायचं होतं. एकदा तरी शिवी घाल तिला, असं मी तुला म्हणाले. तू हसलीस.

पण यंदा आषाढात मी सहज म्हणाले की लक्ष्म्या जवळ आल्या. तू म्हणालीस, "औंदा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. हात दुखायलेत." त्याच दिवशी, त्याच हातांनी, माझ्यासमोर बसून तू पाटीभर भुईमुगाच्या शेंगा फोडल्यास. ठणठणीत होते तुझे हात. म्हणजे लागलं होतं तुला, विमल. इतकं लागलं होतं की तू महिरपच सोडायला निघाली होतीस. आणि मग श्रावणात तू जगच सोडून गेलीस.

वन्सं भेटायला आल्या. एसटीतून उतरल्या त्या रडतच. तुझ्या ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय हात व्हता गं तिचा! महिरप करावी तर विमलनंच." मला वाटलं, इथंच ओकारी होईल. ज्या हाताला ताटाजवळ येऊ दिलं नाही, त्याच हाताचं कौतुक, आणि तेही तो हात चितेवर जळून गेल्यावर! वर डोळे पुसून मला हळूच विचारतात, "आता लक्ष्म्यांना कोण करंल गं?" मी म्हणाले, बघू. तुझ्या दारात भांडण नको म्हणून दात आवळून बसले. तो माझा तुला दिलेला मान समज.

काल महालक्ष्म्या जेवल्या. तुझ्या घरी वर्ष व्हायचंय म्हणून सण नव्हता, पण आमच्या घरी सण होता, आणि मी ठरवलं होतं की महिरप होणार. माझ्या सुनेनं जिंतूरहून तयार महिरपी आणल्या होत्या. सोनेरी प्लास्टिकच्या, मोर कापलेल्या, ताटाभोवती नुसत्या ठेवायच्या. "आत्या, तुमचे कष्ट वाचतेत," असं म्हणाली. तिचा जीव चांगला आहे, पण त्या मोरांकडं पाहून माझ्या अंगावर काटा आला. मी बाजारातून पुदिना, कोथिंबीर आणि, हो, शेपू आणली. अंगणातली तुळस घेतली. गवती चहा माझ्याकडं होता, तूच लावलेला, तो कुणाच्या बापाला मरत नाही. मरवा कुठंच मिळाला नाही. आतली ओळ कोथिंबिरीनं भरली. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, महिरप केलीस का भाजी निवडायलीस? वळ्या माझ्या हातानं जाड-बारीक झाल्या, कमानी एका बाजूला कलल्या. सून मदतीला बसली. तिची बोटं चांगली आहेत, हे तुला सांगून ठेवते.

सगळ्या ताटांना पानांची महिरप मांडली. एका ताटाला सुनेनं आणलेली सोनेरी, मोराची.

वन्सं येऊन बसल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"सुमन, मलाच ही कामून?"

"वन्सं, बाकीची महिरप विमलची हाय," मी म्हणाले. "हात माझा, पण शिकवलेलं तिचं. तिच्या हाताचं तुमाला चालत न्हाई. ही मशीनवर झालीय. हिला कुणाचाच हात लागला न्हाई. जेवा निवांत."

आमचे हे ह्या खेपेला पंख्याकडं न बघता स्वतःच्या ताटात बघत होते. वन्संचे डोळे भरून आले. आवाज गोड नव्हता आता, खरखरीत होता, आणि पहिल्यांदाच मला तो खरा वाटला.

"मला भ्या वाटलं व्हतं गं. ह्यांचं तसं झालं व्हतं. राती झोप लागत नव्हती मला."

"विमलला ठावं व्हतं ते. तिनंच सांगितलं मला."

"मंग तिनं माफ केलं असंल मला."

"केलं असंल."

वन्संनी सोनेरी महिरप उचलून बाजूला ठेवली. ताट उघडं झालं. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, लहान पोरीनं मागावं तसं म्हणाल्या, "सुमन, दोन पानं दे की मला."

तू असतीस तर काय केलं असतंस हे मला सांगायची गरज नाही. वळी करून, देठ खोचून, शेपूची झालर लावून, तिच्या डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं असतंस. तुझं मन तेवढं मोठं होतं आणि मी त्याच्या सावलीत जन्मभर बसले. पण तू सगळ्यांना माफ करून गेलीस, म्हणून तुला जे लागलं ते कुणालाच लागलं नाही असं झालंय. तुझ्या पोराला वाटतं ते गवत होतं. हिला वाटतं दोन पानांत मिटेल. तुला लागलं होतं, हे ध्यानात ठेवणारं कुणीतरी ह्या गावात पाहिजे, आणि मला त्यासाठी चांगलं व्हायचं नाही.

"पानं सरली, वन्सं," मी म्हणाले.

पानांची पाटी त्यांच्या कोपराजवळच होती. निम्मी भरलेली.